परतीची तार

आमच्या डॉक्टरांना कोणी नमस्कार केला, तरी ते आधी "कधीपासून?" असं विचारायचे. समोर उभा आहे तो रोगी नाही, पोस्टमन आहे, हे त्यांच्या नंतर लक्षात यायचं आणि मग ते हात जोडायचे. संग्रामपुरात त्यांचा खासगी दवाखाना होता. मी तिथं नर्स म्हणून लागले तेव्हा गाव अजून तालुक्याचं ठिकाण व्हायचं होतं, आणि शाळेच्या पाटीवर 'मुंबई राज्य' खोडून लिहिलेलं 'महाराष्ट्र राज्य' ताजं दिसत होतं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "मी खामगावची. बाळंतपणाचं काम येते मले." ते म्हणाले, "कधीपासून?" मला वाटलं, हा माणूस माझी परीक्षा घेतोय. मी आधीच तापट. म्हटलं, "आईच्या पोटातून शिकून नाही आली, डॉक्टरसायब. दवाखान्यात शिकली." ते इतके खूश झाले की त्यांनी आत बायकोला हाक मारली, "अवं, चहा टाक वं. बाई खरं बोलतात."

तिथं मी बरीच वर्षं काढली. त्यांच्याइतकं मला कोणी हसवलं नाही, आणि त्यांच्याइतका संतापही कोणाचा आला नाही.

धोतर, वर बंद गळ्याचा कोट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तो स्टेथोस्कोप फक्त झोपताना उतरायचा, असं वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या. रोग्याच्या छातीला तो लागायचाच, पण दवाखान्याच्या भिंतीलाही लागायचा, कारण आत वाळवी चालते का ते ऐकायचं असे. पूर्णेच्या पात्रातली टरबुजं वरवटच्या बाजारात आली की डॉक्टर ढिगासमोर उकिडवे बसत आणि एकेका टरबुजाला नळी लावून, डोळे मिटून ऐकत. गिऱ्हाइकं वाट बघत उभी राहायची. माळीण कंटाळून म्हणायची, "सायब, जित्तं हाय का मेलं, तेवढं सांगा अन् सरका बरं." इतकं करून घरी आणलेलं टरबूज पांढरंच निघायचं ते वेगळं.

पण निदानाच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता. अंदाजानं औषध द्यायचं नाही. रोगी कितीही कळवळू दे, आधी विचारपूस, मग तपासणी, मग औषध. "रोग सांगाले लोकायले लय आवडते," ते म्हणायचे, "पण कधीपासून ते सांगाले नाई आवडत. कारन त्यातून आपन काय केलं ते निंघते. नातेवाईक एक गोष्ट दडवतेच, बाई. अन् रोग तथीच असते." मग ते रोग्याला सोडून त्याच्या सासूला, भावाला, शेजाऱ्याला फैलावर घ्यायचे. लोक त्यांना वैतागायचे. मीही वैतागायची. पण बहुतेक वेळा सासूच काहीतरी कबूल करायची, हेही खरं.

आता गाडीचं सांगते. विहिरी खोदायला आलेले परदेशी लोक जाताना ती टाकून गेले होते. स्टिअरिंग डाव्या हाताला, म्हणून लिलावात तिला कोणी हात लावेना. डॉक्टरांनी ती आणली, मागची बाकं काढून तिथं स्ट्रेचर टाकलं आणि एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर ठेवला. तोवर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रोगी बाजेवर नाहीतर बैलगाडीत यायचे, आणि बरेचसे येताना वाटेतच जायचे. गाडी आल्यावर आजूबाजूच्या गावांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर पुढं कधी बसले नाहीत. मागं, रोग्याकडं तोंड करून बसायचे. रस्ता ड्रायव्हरनं बघावा, असं त्यांचं म्हणणं.

गाडी डिझेलची, जुनी, पण एका बाबतीत इकडच्या गाड्यांहून निराळी. इकडच्या ट्रका बंद करायला ड्रायव्हर एक दट्ट्या ओढतो, त्यानं डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. आमच्या गाडीला तसला दट्ट्या नव्हता. तिच्या डिझेलच्या पंपावर अंगठ्याएवढा विजेचा एक कॉक होता. किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट तिथवर जायचा, कॉक 'टक' करून उघडायचा आणि डिझेल इंजिनात उतरायचं. किल्ली काढली की करंट गेला, कॉक मिटला, गाडी बंद. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असो, इंजिन धडधाकट असो, त्या कॉकचा करंट वाटेत कुठं तुटला की गाडी जागच्या जागी गप्प. डॉक्टर रोज सकाळी बॉनेट उघडून त्या कॉकला स्टेथोस्कोप लावायचे आणि ड्रायव्हरला किल्ली फिरवायला सांगायचे. 'टक' ऐकू आलं की मान हलवायचे. "पहिला ठोका बरोबर हाय."

त्याच बॉनेटखाली त्यांचा मारुती होता. पंपाच्या मागं लोखंडी पत्र्यावर एक उंचवटा होता, त्यावर एक जाड बोल्ट, आणि बोल्टाखाली आवळलेली एक काळी तार. अमडापूरकडच्या त्यांच्या गावी वेशीतला मारुती असाच, नाक-डोळे नसलेला, नुसता गोटा होता म्हणे. गाडी आली त्याच आठवड्यात डॉक्टरांना या उंचवट्यात तो दिसला. झालं. दर शनिवारी आंघोळ करून, ओलेत्यानं, वाटीत तेल आणि शेंदूर कालवून ते बॉनेटमध्ये डोकं घालायचे. थरावर थर. उन्हाळ्यात इंजिन तापलं की तेलकट शेंदराचा वास मागं स्ट्रेचरपर्यंत यायचा. लोक गाडीला 'शेंदरी' म्हणायला लागले. ड्रायव्हर मला हळूच म्हणायचा, "बाई, सायब शिकेल हायेत का आपल्यासारखेच?" मी म्हणायची, "दोन्ही."

शेंदरीनं दसऱ्यानंतर त्रास द्यायला सुरुवात केली. गावातून नीट निघायची, चांगली तापली की वाटेत एकदम गप्प व्हायची. आचके नाहीत, धूर नाही, दिवा विझावा तशी विझायची. आणि डिझेलची गाडी कशानंही थांबली तरी आमच्या भागात निदान एकच: "हवा धरली", म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली. ड्रायव्हरचं तेच, वरवटच्या स्टँडवरच्या मिस्त्रीचंही तेच. मग डिझेलच्या नळीचे नट ढिले करायचे, हातपंप मारायचा, फेस निघून जाईतो डिझेल सांडू द्यायचं, पुन्हा आवळायचं. एवढा सोपस्कार झाला की गाडी चालू व्हायची. मिस्त्री पान लावत म्हणायचा, "म्हनलं नव्हतं?"

डॉक्टरांना हे पटत नव्हतं. "तुमी हवा काढता, तवर इंजिन थंडं होते," ते मिस्त्रीला म्हणाले. "मंग हवा निंघाल्यानं चालू झाली का थंडं झाल्यानं? दोन दवा एका टायमाले देल्या तं गुन कोनाचा ते कसं समजन?" मिस्त्री म्हणाला, "सायब, चालू झाली न? मंग?" या 'मंग'वर डॉक्टरांचं डोकं फिरायचं. त्यांनी नेहमीसारखी विचारपूस सुरू केली. कधीपासून? दसऱ्यापासून. दसऱ्याला काय झालं? गाडीची पूजा झाली. मग ड्रायव्हरला उभा केला: नारळाचं पाणी कुठं सांडलंस? टाकीचं झाकण उघडं ठेवलंस? ड्रायव्हर रडकुंडीला आला. वहिनींनाही सोडलं नाही. "तू ओवाळलं तवा तेल कुठी लागलं का?" वहिनी म्हणाल्या, "मी गाडीले ओवाळलं, इंजिनाले नाई. तुमीच दिवसभर आत डोकं घालून होते." डॉक्टर तोवर दुसऱ्याकडं वळले होते.

अकोल्याचा एक जाणता मिस्त्री दिवाळीनंतर येतो म्हणाला होता. तो यायच्या आधी माझी बहीण आली.

धाकटी बहीण, पहिलंच बाळंतपण. सातपुड्याच्या पायथ्याला दिली होती. पहाटे कळा सुरू झाल्या, सकाळभर गावातल्या सुईणीनं वाट बघितली आणि उन्हं चढल्यावर तिच्या नवऱ्यानं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. मी पोटाला हात लावला आणि मला कळलं. मूल आडवं होतं. डोकं एका कुशीला, पाणी केव्हाच गेलेलं. डॉक्टरांनी नळी लावली, बाळाचे ठोके ऐकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही 'कधीपासून' न विचारता म्हणाले, "खामगाव. आत्ता. ऑपरेशनशिवाय निंघत नाई हे."

कापसाचे दिवस होते. रस्त्यानं खामगावच्या बाजाराला निघालेल्या, कापसानं टम्म भरलेल्या बैलगाड्यांची रांग. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून एकेक गाडी मागं टाकत होता. मागं स्ट्रेचरवर बहीण, तिच्या उशाला मी, पायाशी डॉक्टर, कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन तिचा नवरा. कळ आली की ती माझं मनगट धरायची. "बाई, मले सोडू नको वं," एवढंच म्हणायची. घरात ती मला बाईच म्हणायची. वरवट गेलं. पूर्णेचा पूल पुढं दिसायला लागला, आणि शेंदरी विझली.

ती शांतता माझ्या अजून अंगावर येते. इंजिनाचा आवाज गेल्याबरोबर मागच्या कापसाच्या गाड्यांच्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि बहिणीचं कण्हणं एकदम मोठं झालं.

ड्रायव्हर पाना घेऊन उतरला. "हवा धरली सायब. आत्ता काढतो."

"हात नको लावू!" डॉक्टर मागून उडी मारून उतरले. मी कधी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "हवा काढाले टाइम नाई. ते थंडं व्हायची वाट पाहाले टाइम नाई. पहिले काय बंद हाय ते पाहू."

मी आतून बघत होते. एक डोळा बहिणीच्या पोटावर, एक बाजूच्या उघड्या दारातून बाहेर. त्यांनी बॉनेट उघडलं, स्टेथोस्कोप कानाला लावला, दुसरं टोक कॉकवर टेकवलं. "फिरव किल्ली." ड्रायव्हरनं फिरवली. "पुन्हा फिरव." पुन्हा. डॉक्टर तसेच वाकून उभे. मग कानातून नळी काढून म्हणाले, "ठोका नाई."

तोवर मागच्या गाड्या थांबल्या होत्या. पाच-सहा गाडीवान गोळा झाले. बहिणीचा नवरा त्यांतल्या एकाशी बोलून धावत आला. "सायब, हे बैलं द्याले तयार हायेत. जुतू का गाडीले?"

"बैलानं खामगाव कवा येईन रे?" डॉक्टर वर न बघता म्हणाले. "अन् धक्का मारून बी नाई चालनार. डिझेलचं दारच बंद हाय. तार आन बे एक. लंबी."

ड्रायव्हरनं हॉर्नची तार उपटून आणली. तिचं एक टोक बॅटरीला, एक थेट कॉकच्या डोक्याला. म्हणजे किल्ली, बटणं, मधल्या सगळ्या तारा बाजूला ठेवून करंट सरळ कॉकला. 'टक' झालं नाही. ड्रायव्हर खाली बसला. "जळाला सायब. कॉकच जळाला."

माझा हात बहिणीच्या पोटावर होता. कळ ओसरली तरी पोट मऊ होत नव्हतं, आणि बेंबीखाली एक आडवी रेघ उमटायला लागली होती. नर्सचं काम केलेल्या बाईला ती रेघ काय सांगते ते ठाऊक असतं. ती वर सरकत गेली की गर्भाची पिशवी फाटते, आणि मग बाळही नाही आणि आईही नाही. मी ओरडले, "डॉक्टर! रेघ वर चढून राह्यली!"

ते आले नाहीत. रस्त्याच्या कडेला, गाडीच्या पायरीवर बसले होते. स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून, स्वतःचीच नाडी बघत. मला इतका संताप आला की दारातून उतरून त्यांच्या कोटाला धरून हलवावं. आणि मी उतरणार, एवढ्यात ते मनगटाकडं बघतच बोलले. कोणाशी, ते मला कळलं नाही.

"जानारं रक्त पाह्यलं आपन. वापस येनारं कुठी पाह्यलं?"

उठले. कॉकवर दोन तारा होत्या. एकीनं करंट येतो, ती आत्ताच तपासली होती. दुसरी काळी. आलेला करंट तिच्यातून गाडीच्या लोखंडात उतरतो आणि लोखंडातून बॅटरीला परत जातो. परतीची वाट तुटली तर जाणारा करंटही जात नाही. डॉक्टरांनी त्या काळ्या तारेवर बोट ठेवलं आणि बोट पुढं पुढं नेत गेले. ते बोट शेंदरात शिरलं आणि थांबलं.

"कधीपासून," ते म्हणाले. या वेळी तो प्रश्न नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मारुतीची जुनी खोळ, म्हणजे साचलेल्या शेंदराचं कवच, उतरवली होती. ती पूर्णेत सोडली होती. आणि नवा शेंदूर नीट बसावा म्हणून तो बोल्ट काढून, त्याच्या खालच्या पत्र्यालाही हातानं शेंदूर भरून, वर तार ठेवून बोल्ट पुन्हा आवळला होता. तेल-शेंदराचा तो थर करंटाला आडवा. कुठं तरी लोखंडाला लोखंड टेकलेलं असेल, तेवढ्यावर गाडी चालायची. इंजिन तापलं की शेंदूर पातळ होऊन त्या फटीत उतरायचा आणि वाट बंद. थंड झालं की पुन्हा मोकळी. साऱ्या गावाला विचारून झालं होतं, दसऱ्याला कोणी काय केलं. विचारायचा राहिलेला एकच माणूस होता.

"पाना दे," डॉक्टर म्हणाले.

गाडीवानांतला एक म्हातारा पुढं आला. "सायब, काय करता? नवी खोळ हाय ते. आपोआप गळली तं गोष्ट येगळी. लोखंड नका लावू मारुतीले. आत बाळंतीन हाय, लेकराचं वाईट होईन."

आणि मला वाटलं नव्हतं ते झालं. बहिणीचा नवरा, जो इतका वेळ बैल जुंपायला धावत होता, तो डॉक्टरांच्या समोर आडवा झाला. हात जोडून. "नका सायब. पहिलंच लेकरू हाय माह्यं. मारुतीचा कोप नका घेऊ. आपन बैलं लावू, मी संगं धावतो."

डॉक्टर थांबले. खरंच थांबले. त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, की त्यांनाही तीच भीती आहे. ते काही देवाला न मानणारे नव्हते. तो मारुती त्यांचाच, शेंदूर त्यांचाच. पुस्तकातला माणूस असता तर हसून मोकळा झाला असता. त्यांचे ओठ हलत होते, ते बहुतेक स्तोत्र म्हणत होते.

मी दारातून ओरडले, "लेकराचं वाईट होईन, अन् माह्या बहिनीचं? ते कोनाची हाय? डॉक्टर, तुमचा मारुती तुमच्या हातानं बसला तं तुमच्या हातानंच उठवा! नाईतर मले सांगा, मी येऊन फोडीन त्याले!"

असलं मी बोलले. आजही तेच बोलेन.

डॉक्टरांनी कॅनव्हासचे बूट काढले. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उभे राहून हात जोडले. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, लोखंड तं हे सारंच हाय. याचं अंगच लोखंडाचं हाय." आणि पाना लावून बोल्ट फिरवला. तो निघाला, पण खालच्या पत्र्यावर शेंदूर सिमेंटसारखा बसलेला. "बाई, बिलेड द्या." माझ्याजवळ एकच ब्लेड होतं, उकळून फडक्यात गुंडाळलेलं, नाळ कापायला. मी म्हटलं, "नाई देत. ते नाळेचं हाय." त्यांनी पुन्हा मागितलं नाही. नखांनी खरवडायला लागले. दोन्ही हातांनी, वाकून, विहिरीतून गाळ काढावा तसे. मग रस्त्याचा मुरूम मुठीत घेऊन घासलं. लाल, मग तांबूस, मग त्याखाली एकदाचं पांढरं लोखंड दिसलं. तारेचं टोक धोतरानं पुसलं, पत्र्यावर टेकवलं, बोल्ट आवळला.

"फिरव."

टक.

नळी त्यांच्या कानात नव्हती, तरी तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. इंजिन धडाडलं. गाडीवानांनी बैल कडेला घेतले, म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला, आणि डॉक्टर बूट रस्त्यावरच टाकून मागं चढले. पूल, शेगाव, पुढचा रस्ता, मला काही आठवत नाही. रेघ आठवते. मी तिच्यावर बोट ठेवून बसले होते, जणू माझ्या बोटानं ती थांबणार होती.

खामगावच्या दवाखान्यात तिला आत नेलं तेव्हा तिथल्या सर्जननं आमच्या डॉक्टरांचे हात बघितले. "कुणाचं रक्त?" त्यानं विचारलं. "रक्त नोय," डॉक्टर म्हणाले. "शेंदूर हाय." पण दोन-तीन नखं मुळातून उखडलेली होती, तेव्हा दोन्ही होतं.

मुलगी झाली. जगली. बहीणही जगली. पण पिशवी चिरत गेली होती, ती काढावी लागली. सर्जन बाहेर आला आणि साधेपणानं म्हणाला, की थोडं आधी आला असतात तर कदाचित पिशवी वाचली असती, पण दोघी आहेत हेच खूप.

बहिणीच्या नवऱ्यानं डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर विंचू चावल्यासारखे मागं सरले. "पाय नको धरू रे. गाडी मीच बंद पाडली होती. दसऱ्याले, माह्या हातानं. तुह्या बायकोची पिशवी माह्यामुळं गेली."

"सायब, तुमी होते म्हनून दोघी वाचल्या."

"मी काय सांगून राह्यलो, तू काय ऐकून राह्यला!" ते जवळजवळ रडत होते. माझ्याकडं वळले. "बाई, याले समजावून सांगा." मला त्या घटकेला दोघांचंही खरं वाटत होतं, आणि डॉक्टरांचा रागही तेवढाच येत होता. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

पुढची गंमत म्हणजे ही गोष्ट आमच्या भागात उलटी होऊनच पसरली. वाईट घटका टळावी म्हणून मारुतीनंच गाडी पुलाअलीकडं थांबवली, आणि घटका टळल्यावर सोडली. शनिवारी दवाखान्यासमोर नारळ घेऊन माणसं यायला लागली. डॉक्टर प्रत्येकाला ओट्यावर बसवून सांगायचे, "मारुतीनं नाई, मी थांबवली. शेंदूर तारेखाली गेला होता." लोक मान डोलवायचे, नारळ फोडायचे आणि जायचे. ज्या धंद्यात कोणी आपली चूक कबूल करत नाही, त्यात हा माणूस गावोगाव आपली चूक सांगत फिरला, आणि कोणी ती घेईना. चेष्टा म्हणावी तर चेष्टाच.

शेंदूर लावणं त्यांनी सोडलं नाही. उंचवट्याला दर शनिवारी लागायचा. पण त्याआधी ते काचकागद घेऊन तो बोल्ट आणि त्याच्या खालचा पत्रा घासायचे, लखलखीत होईपर्यंत. तिथं कुंकवाचं बोट लावू द्यायचे नाहीत. सगळा मारुती लाल, आणि मधोमध तेवढी एक जागा उघडी. गाडी त्यानंतर त्या कारणानं कधी थांबली नाही. रोग्यांच्या सासवांना ते पूर्वीसारखेच छळायचे, फक्त रोग बळावलेला असला की आधी मला विचारायचे, "बाई, मांगच्या वख्ती आपन याले काय देलं होतं?"

माझ्या बहिणीकडं ते दर संक्रांतीला जायचे. ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, जेवायचे मात्र नाहीत. एका वर्षी बहिणीनंच त्यांच्यासमोर ताट आदळलं. "सायब, किती वर्सं उपाशी जासान माह्या घरून? एक देली देवानं, बस झाली. खा आता." ते ताट ओढून जेवले. पोरगी त्यांच्या मांडीवर चढून स्टेथोस्कोप चावत होती.

ते वारले तेव्हा मी सरकारी दवाखान्यात लागून दुसऱ्या गावी होते. मी वहिनींना येऊन भेटले ती बऱ्याच काळानं, भाचीला घेऊन. ती तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. शनिवार होता. अंगणातल्या निंबाखाली शेंदरी उभी, चाकं गेलेली, इंजिन कोण्या पिठाच्या गिरणीवाल्यानं काढून नेलेलं. बॉनेट मात्र उघडं होतं, आणि वहिनी आत वाकून काहीतरी करत होत्या. जवळ गेले. त्यांच्या हातात काचकागद होता. आत तारा नव्हत्या, पंप नव्हता, कॉक नव्हता. पत्र्यावर तो बोल्ट तेवढा होता, आणि तो चकाकत होता.

"वयनी, कायले घासता आता?" मी म्हटलं. "गाडीत काय राह्यलं?"

"त्यायचं शनिवारचं काम हाय," त्या म्हणाल्या. "राहून गेलं तं बरं नाई वाटत."

भाची माझ्या बाजूनं पुढं झाली. तिनं वाकून तो बोल्ट बघितला, त्यावर बोट फिरवलं, आणि सहज विचारलं, "आजी, कधीपासून चालू हाय हे?"

वहिनींनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढून तिचं तोंड निरखलं. तो शब्द त्या अंगणात बऱ्याच दिवसांनी कोणी उच्चारला होता.

"तू झाली तवापासून," त्या म्हणाल्या, आणि काचकागद तिच्या हातात दिला.